घरी गेल्यावर फोन कोण करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एक चौकट होती. विष घेतलेल्या दोघांना वेळेवर उपचार मिळाले, दोघंही सुखरूप घरी गेले. बातमी वाचून बरं वाटलं. पण घरी गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न मला गेलं दीड वर्ष सोडत नाही, म्हणून हे पत्र.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. एकोणीस वर्षं विदर्भात काम करते. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या माणसाची काळजी कशी घ्यावी, याच्या मार्गदर्शक सूचना तयार करणाऱ्या एका समितीवर मी आहे. मसुदा अजून जाहीर व्हायचा आहे, म्हणून समितीचं नाव घेत नाही. इथली मतं माझी एकटीची. आम्ही बारा जण आहोत. फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, न्यायवैद्यक शास्त्राचे प्राध्यापक, आरोग्य प्रशासनातले अधिकारी. सायकॉलॉजिस्ट मी एकटी.

पहिल्या दोन बैठका पोटात गेलेल्या विषावरच्या उपचारांत गेल्या, आणि ते योग्यच होतं. जीव वाचला तर पुढचं. माझी पाळी आली तेव्हा मी कॅज्युअल्टीतलं रोजचं चित्र मांडलं. पेशंट आला की केसपेपरवर लाल शाईत ‘एमएलसी’, म्हणजे पोलिसांना कळवायची केस. पोलीस जबाब घ्यायला येणार हे कळलं की नातेवाईक सीएमओंना, म्हणजे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना, हात जोडतात, ‘साहेब, चुकून घेतलं असं लिहा.’ साहेब बरेचदा लिहितात, त्यात दयाही असते. पण एकदा कागदावर ‘चुकून’ आलं की मला बोलवायचं कारणच उरत नाही. तीन-चार दिवसांनी पेशंट घरी जातो, नाहीतर त्याआधीच नातेवाईक सही करून डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घेतात. त्याच्या मनात काय होतं, हे अख्ख्या दवाखान्यात कोणी विचारलेलं नसतं.

खरं तर कायदा केव्हाच बदलला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, आणि प्रयत्न पुन्हा होऊ नये म्हणून तिची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ गेलं. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला. गावात मात्र अजून ‘केस होते’ हीच भीती आहे. आमच्या मसुद्यात एक वाक्य यावं म्हणून मी दोन बैठका भांडले: पेशंट शुद्धीवर आल्यावर डॉक्टर किंवा सिस्टरने त्याला आणि घरच्यांना साध्या मराठीत सांगावं की याबद्दल शिक्षा होत नाही, खरं सांगा. ते वाक्य आता मसुद्यात आहे.

सगळ्यात मोठा वाद झाला तो गुणांच्या तक्त्यावरून. एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं होतं की कॅज्युअल्टीत वेळ नसतो, एका पानाचा तक्ता द्या, दहा प्रश्न, बेरीज, आणि शेवटी ‘कमी, मध्यम, जास्त धोका’. त्यांची अडचण खरी आहे. रात्री दोन वाजता एकटा डॉक्टर तीस पेशंट बघत असतो. पण या बेरजेवरून पुढे कोण जिवाचं बरंवाईट करेल हे ओळखता येत नाही. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंची वर्षानुवर्षं नोंद ठेवली जाते. मानसोपचार सेवेत असताना ज्यांनी जीव दिला, त्यांतल्या बहुतेकांना शेवटच्या भेटीत ‘कमी धोका’ असाच शेरा मिळालेला होता. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेने सप्टेंबर २०२२ च्या सूचनांत स्पष्ट लिहिलं की पुढचा धोका वर्तवण्यासाठी असे तक्ते वापरू नका, माणसाशी बोला, त्याच्या गरजा समजून घ्या. ‘कमी’ च्या खाली टिक झाली की तो पेशंट सगळ्यांच्या डोक्यातून जातो, हे मी स्वतः वॉर्डात पाहिलं आहे.

मग त्या जागी काय, असा प्रश्न आलाच. मी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला अभ्यास पुढे ठेवला. पाच देशांतली पाच ठिकाणं, त्यांत आपलं चेन्नई. प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेले १,८६७ जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांशी घरी जाण्याआधी तासभर नीट बोलणं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, नंतर चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात. नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने गेलेले २.२ टक्के, फोन-भेटींच्या गटात ०.२ टक्के. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका ठळक फरक दिसला नाही, हेही मी बैठकीत सांगितलं. पण यात ना महागडं औषध आहे, ना यंत्र.

हे वाचताना मला आठवत होती एका ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर. तिच्याकडे लांबट, पिवळ्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर आहे, कोणी सांगितलेलं नाही, तिचं तिने घातलेलं. नाव, गाव, घरच्या कुणाचा तरी नंबर, आणि शेवटच्या रकान्यात ‘बोलली’, ‘उचलला नाही’, ‘शेतात, संध्याकाळी करणे’. रविवारी दुपारी ती स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावते. काय विचारता, असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘काही नाही मॅडम, जेवले का, झोप लागते का.’ तिने तो अभ्यास वाचलेला नाही.

तिला समितीत बोलवा म्हटलं तर नियमात तशी जागा नव्हती. शेवटी ‘निमंत्रित’ म्हणून ती आली, आणि तिच्यासोबत या प्रसंगातून स्वतः गेलेली एक बाई. ती बाई पाच मिनिटंच बोलली. म्हणाली, ‘काय घेतलं, किती घेतलं, हे मला सगळ्यांनी विचारलं. घरी गेल्यावर तुझ्यासोबत कोण आहे, हे कोणीच नाही विचारलं.’ त्या दिवशी गुणांचा तक्ता मागे पडला, आणि त्याच सदस्यांनी तिचा प्रश्न पहिल्या पानावर घ्यायला सांगितलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण दोघींनाही मताचा अधिकार नव्हता, प्रवासखर्चासाठी मला चार पत्रं लिहावी लागली. ज्याच्यासाठी सूचना लिहायच्या तो सदस्य म्हणून, मताच्या अधिकारासह खोलीत असलाच पाहिजे.

आता अडलं आहे ते नऊ फोनांवर. करणार कोण? आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास मोफत सुरू आहे, मराठीतही बोलता येतं, आणि मनात असे विचार येत असतील त्या प्रत्येकाने तो जरूर लावावा. पण तिथे त्रास असणाऱ्याने फोन करायचा असतो. आम्हाला हवा आहे तो उलट दिशेने जाणारा फोन. माझी मागणी एवढीच की प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात एका माणसाला हे काम नेमून द्या, त्याच्या वेळापत्रकात तास द्या, दवाखान्याचा मोबाईल द्या. ‘शक्य असल्यास पाठपुरावा करावा’ असं वाक्य सध्या मसुद्यात आहे. त्यातले ‘शक्य असल्यास’ हे दोन शब्द काढा, असं मी लेखी दिलं आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने आपल्या राज्यात २२,७४६ आत्महत्या नोंदवल्या, देशात सर्वाधिक. तरी त्या दोन शब्दांवर अजून एकमत नाही.

मसुदा हरकती व सूचनांसाठी खुला होईल तेव्हा आपण तो छापावा ही विनंती. आणि ज्यांच्या घरात असं घडलं आहे त्यांनी, नाव न घालता का होईना, लिहून पाठवावं की डिस्चार्जनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत त्यांना कुणाचा फोन यायला हवा होता.

आपली,
एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, यवतमाळ
(नाव प्रसिद्ध करू नये)