खळं आणि काच

छत्रपती संभाजीनगर,
४ जानेवारी

प्रिय दत्ता,

परवा बांधावर तू विचारलंस, "पंपाच्या सोलर प्लेटा तर झकास चालतायत, मग तू लॅबमध्ये एवढी वर्षं काय घोटतोस?" एसटी गाठायची होती म्हणून हसण्यावारी नेलं. आज लाईट गेलीय, म्हणून लिहायला बसलोय.

तुझ्या प्लेटा सिलिकॉनच्या. ते वितळवायला १४१४ अंश लागतात. मी घोटतो ते पेरोव्हस्काइट, म्हणजे ऊन शोषून वीज देणारा एक स्फटिकी पदार्थ. त्याचं मात्र द्रावण काचेवर टाकायचं, काच गरगर फिरवायची आणि शंभरेक अंशांवर शेकायची. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका या शास्त्रज्ञाच्या गटानं असा सेल, म्हणजे उन्हाची वीज करणारा तुकडा, केला तेव्हा ३.८ टक्के ऊन विजेत उतरलं. आता लॅबमधले सेल २६ च्या पुढे गेलेत. पण त्यात शिसं असतं, आयोडीनशी जोडलेलं, आणि शिशाचं हे आयोडाइड पाण्यात थोडंफार विरघळतं. २०१४ ची गारपीट आठवते ना? तशा गारांनी प्लेट फुटली, तर ते पाणी जाणार कुठं? आपल्याच विहिरीत.

म्हणून आम्ही शिशाच्या जागी कथील घेतो, कल्हईवाला भांड्याला लावायचा तेच. बिचाऱ्याला हवा सोसत नाही. हवा लागली की ते आणखी दोन इलेक्ट्रॉन सोडून देतं आणि सेलचा हिशेबच बिघडतो. त्यामुळं सगळं काम नायट्रोजनच्या बंद पेटीत, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून.

पण एवढं सांभाळूनही सेल लंगडाच. दोष पेरोव्हस्काइटच्या काळ्या थरात कमी, त्याच्या बुडाशी जास्त. तिथं वर्षानुवर्षं पेडॉट-पीएसएस नावाचं पॉलिमर वापरतात. ते आंबट, वर ओल धरणारं. आता त्याऐवजी रेणूंचा एकच थर देतात, एखाद-दोन नॅनोमीटर जाडीचा. रेणूच्या एका टोकाला फॉस्फोनिक आम्ल असतं, ते काचेवरच्या वीजवाहक ऑक्साइडच्या थराला घट्ट धरतं, दुसरं टोक पेरोव्हस्काइटच्या स्फटिकाकडं. तुझी आजी खळं सारवायची, तसंच हे. न सारवता कणसं टाकली तर अर्धे दाणे भेगांत जायचे. आमचे दाणे म्हणजे विद्युतभार.

आता माझी फजिती ऐक. सारवण झकास झालं आणि वर द्रावण टाकलं, तर ते अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन घरंगळलं! बारा काचांपैकी नऊ फुकट. त्या रेणूचं वरचं टोक तेलकट स्वभावाचं, द्रावणाला जवळच करेना. दोन आठवडे मी काचेलाच दोष देत बसलो. शेवटी एक आखूड, पाण्याशी जमवून घेणारा रेणू त्यात मिसळला. द्रावण पसरलं, आणि शेकल्यावर काचेत माझाच चेहरा दिसला, इतकी गुळगुळीत काळी फिल्म! शिशाला अजून गाठायचंय. कथलाचे चांगले सेल कुठं पंधरा ते सतरा टक्क्यांच्या आसपास आलेत, आणि माझे त्याहून खाली. पण त्या रात्री मेसची पातळ डाळही गोड लागली.

आता अडलंय ते प्रमाणात. आखूड रेणू जास्त झाला की थर विरळ पडतो, कमी झाला की पुन्हा अळवाचं पान.

हुरड्याला येतोच. यंदा मळणीयंत्रच लावणार, की थोडं खळंही करणार? आजीला विचारून ठेव, सारवणात शेण किती आणि माती किती घ्यायची ते.

तुझा,
सुधा