जाळीच्या कप्प्यांत परके मासे सोडताना

संपादक महोदय,

पाणथळ जागेत जाळीचे कप्पे उभारून त्यांत गंबुसिया (डासांच्या अळ्या खाणारा छोटा मासा) किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी 'परका मासा घातक' किंवा 'निरुपद्रवी' असा निकाल द्यायचा, हे प्रयोग उपयोगी आहेत. पण बरेचदा निकाल मासा ठरवत नाही, जाळी ठरवते.

गंबुसियाची मादी अंडी न घालता सुमारे एक सेंटिमीटरची जिवंत पिल्ले देते. ६ मिमी आसाच्या (भोकाच्या मापाच्या) जाळीतून ती सहज निसटतात आणि शेजारच्या 'मासेविरहित' कप्प्यात शिरतात. तिथून पुढे तुलनेला अर्थ राहत नाही. म्हणून आस १ ते दीड मिमी हवा. मात्र अशा जाळीवर शेवाळ लवकर चढते. पाण्याची ये-जा थांबते, आत प्राणवायू घटतो आणि प्राणी प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) माशांविनाही बदलतात. दर आठवड्याला सगळ्या कप्प्यांची जाळी एकाच दिवशी ब्रशने घासावी. प्राणवायू पहाटे मोजावा. दुपारचा आकडा फसवतो. मासे असलेले आणि नसलेले कप्पे प्रत्येकी किमान चार असावेत आणि त्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी. शिवाय जाळीबाहेरच्या उघड्या पाण्याचेही तेवढेच नमुने घ्यावेत, नाहीतर जाळीचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

माशांचे प्रमाण हा दुसरा कच्चा दुवा. २ मी. × २ मी. कप्प्यात अर्ध्या किलोचा एकच सायप्रिनस सोडला, तरी हिशेब हेक्टरी १,२५० किलोंवर जातो. एवढ्या गर्दीत गाळ उकरला जाणार, पाणी गढूळ होणार आणि पाणवनस्पती उपटल्या जाणार, यात नवल काय? आधी त्याच पाण्यातली खरी घनता मोजावी. सायप्रिनससाठी कप्पा मोठाच लागतो.

सर्वांत काळजी मासे निसटण्याची वाटते. त्या पाण्यात आधीपासून नसलेली जात तिथे कधीही सोडू नये. तिच्यासाठी जमिनीवरच्या टाक्या वापराव्यात. गंबुसियाचे फक्त नर घ्यावेत. त्यांचा गुदपर (पोटाखालचा, शेपटीकडचा पर) लांब, काडीसारखा असतो, त्यावरून ते ओळखता येतात. केवळ माद्या घेणे सुरक्षित नाही, कारण त्या शुक्राणू कित्येक महिने साठवतात. जाळीची खालची कड ३० सेंमी गाळात पुरावी, वरची कड पुराच्या पातळीपेक्षा उंच ठेवावी आणि पक्षी आत येऊ नयेत म्हणून वरून जाळे टाकावे. शेवटी मासे मोजून बाहेर काढावेत. सोडलेले आणि काढलेले आकडे, मेलेले धरून, अहवालात शेजारी-शेजारी छापावेत. ते जुळत नसतील, तर त्या कप्प्याचा निष्कर्ष वगळावा आणि आसपासच्या पाण्यात सापळे लावून शोध घ्यावा.

— पाणथळ परिसंस्थांचे अभ्यासक