एव्हरेस्ट दिवाळीच्या सुट्टीत बसत नाही

महोदय,

शाळांच्या परदेशी सहलींबद्दलचे आपल्या अंकातले वृत्त वाचले आणि त्याच आठवड्यात नातवाच्या शाळेचे परिपत्रक हाती पडले. आठवी-नववीच्या मुलांसाठी ‘एव्हरेस्ट बेस कॅम्प, पुणे ते पुणे 11 दिवस’. मुलांना हिमालयात न्यावे, या मताचाच मी आहे. भूगोल शिकवण्यात हयात गेली. फळ्यावर हिमनद्या काढून कंटाळलो, तेव्हा दोनदा मुलांना घेऊन नेपाळला जाऊन आलो. त्यामुळे सहलीला माझी हरकत नाही, हरकत आहे ती त्या 11 आकड्याला.

पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. पहिला दिवस काठमांडू गाठण्यात जातो. दुसऱ्या दिवशी विमानाने लुकला, म्हणजे एकदम साधारण 2,850 मीटर. तिसऱ्या रात्री नामचे बाजार (3,440), मग तेंगबोचे, दिंगबोचे (4,410), लोबुचे (4,940) आणि सातव्या रात्री गोरक्षेप (5,164). रोज वर, मध्ये एकही थांबा नाही. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरहून जास्त चढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच राहावे, असे डोंगरातले डॉक्टर सांगतात. म्हणून एरवीच्या कार्यक्रमात नामचेला दोन रात्री, दिंगबोचेला दोन रात्री असतात आणि लुकला ते लुकला एवढेच 11-12 दिवसांचे होते. इथे नेमके ते दोन दिवस कापलेत. शिवाय ढग उतरले की लुकलाची विमाने उडत नाहीत, आणि गर्दीच्या हंगामात ती पुष्कळदा काठमांडूहून न सुटता मंथलीहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तासांचा गाडीरस्ता. त्यासाठी राखीव दिवस? शून्य.

आपले कळसूबाई 1,646 मीटर. बेस कॅम्प 5,364, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. ‘आमची मुले फिट आहेत’ या म्हणण्याला तिथे फारसा अर्थ नसतो, हे मी दिंगबोचेला शिकलो. आमचा कार्यक्रम सावकाश होता, थांबे पाळलेले होते. तरीही दुसऱ्या संध्याकाळी शाळेच्या फुटबॉल संघातला आमचा सगळ्यात दणकट मुलगा ताटातला डाळभात नुसता चिवडत बसलेला दिसला. विचारले तर ‘काही नाही सर’. बुटाची नाडी बांधायला वाकला आणि बांधताच येईना. जमिनीच्या दोन फळ्यांमधल्या रेघेवरून टाचेला अंगठा लावून चाल म्हटले, तर चौथ्या पावलाला तो भिंतीवर गेला. ही उंचीवरच्या विरळ हवेने होणाऱ्या आजाराची लक्षणे. डोके दोन दिवस ठणकत होते. बोलला नाही, कारण बाबांनी कर्ज काढून पैसे भरले होते.

शेजारच्या फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. रात्रीच टॉर्च घेऊन तिथे नेले, प्राणवायू दिला, सकाळी खाली उतरवले. मुलगा ठणठणीत बरा झाला. पण त्या रात्रीचा दुसरा हिशेब ऐका. सहल नेणाऱ्यांनी (नाव लिहीत नाही) अठरा मुलांमागे एकच गाईड दिला होता. तो आणि मी एका मुलासोबत उतरलो, म्हणजे वर सतरा मुले आणि एक शिक्षक. सहल तिथेच आटोपली, आणि तेच बरोबर होते.

विम्याचेही तसेच. प्रवास विमा काढला म्हणजे झाले असे पालक समजतात. पुष्कळ पॉलिसींमध्ये अमुक मीटरच्या वरचे ट्रेकिंग धरलेलेच नसते आणि हेलिकॉप्टर लागते ते तिथेच. ते कलम वाचायला दहा मिनिटे पुरतात.

आपल्या राज्याचे साहसी पर्यटन धोरण 2021 साली आले, पण सहल नेपाळला निघाली की ते इथेच राहते. ब्रिटनमध्ये परदेशी मोहिमांसाठी ‘बीएस 8848’ नावाचे मानक आहे. आकडा मुद्दाम एव्हरेस्टच्या उंचीचा घेतला आहे. शिक्षण विभागाने निदान तेवढे वाचून काढावे.

आणि हट्ट एव्हरेस्टचाच कशाला? पोखऱ्याहून घोरेपानी-पून हिल चार-पाच दिवसांत होते. झोपायचे 3,000 मीटरच्या खालीच, पहाटे चढायचे ते 3,210 पर्यंत. उलेरीच्या तीन हजारांवर पायऱ्या मुलांची मस्ती पुरती जिरवतात (शिक्षकांचीही), आणि वर पोचल्यावर समोर 8,167 मीटरचा धौलागिरी तांबडा होताना दिसतो. माझ्या पहिल्या सहलीतल्या मुलांनी तिथे चक्क पाच मिनिटे गप्प राहून दाखवले होते. सार्क देशांतल्यांना परवानाही स्वस्त पडतो. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना पासपोर्ट नसला तरी मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो.

हे सगळे मी नातवाच्या मुख्याध्यापकांना लिहून दिले. ‘पालकांची संमतिपत्रे आलेली आहेत,’ असे उत्तर मिळाले. संमतिपत्र मी पाहिले. त्यात जॅकेटच्या मापाचा रकाना आहे. मूल आजारी पडले तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार, याचा नाही.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, पुणे