सुझोऊच्या लाओशींना, चुकांच्या वहीबद्दल

मिरज

आदरणीय लाओशी,
सादर नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे ठाऊक असूनही हे पत्र मराठीत लिहिते आहे. इंग्रजीतलं पत्र तुम्हाला मागेच पाठवलं. ते लिहिताना माझा सगळा जीव क्रियापदं तपासण्यात गुंतला आणि मनातलं बरंचसं मनातच राहिलं. शिवाय हे इथल्या आयाबापांनी आणि इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांनीही वाचावं, असं वाटतं. म्हणून उघड पत्र. (त्यांच्यासाठी: लाओशी म्हणजे चिनीत गुरुजी किंवा बाई.)

2023 च्या सप्टेंबरात ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही चीनमधल्या सुझोऊला आलो. खालच्या मजल्यावरची मुलगी तेव्हा नुकतीच गाओसानमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बारावीत गेली होती. तिच्या आईनं मोबाइलवर भाषांतर करून मला वाचायला दिलं: भारतीयांचं इंग्रजी चांगलं असतं, रविवारी माझ्या मुलीकडून थोडा सराव करून घ्याल का? मी मराठी माध्यमातली, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. पण बी.ए. इंग्रजीतच केलं होतं आणि परक्या गावात कुणी आपणहून दार वाजवलं होतं. मी लगेच हो म्हटलं.

पुढच्या रविवारी ती गाओखाओची, म्हणजे चीनमधल्या विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेची, जुनी प्रश्नपत्रिका घेऊन आली. एकूण 750 गुणांची ती परीक्षा, त्यात इंग्रजीचे 150, वेळ दोन तास. ऐकण्याचे 30 गुण, वाचनाचे 50, लेखनाचे 40. उरलेले 30 गुण दोन उताऱ्यांचे. एकात पंधरा रिकाम्या जागा आणि प्रत्येकीला चार पर्याय. दुसऱ्यात व्याकरणाच्या दहा जागा, काही ठिकाणी कंसात मूळ शब्द दिलेला आणि काही ठिकाणी काहीच नाही. चारपैकी तीन पर्याय मला बरोबरच वाटत होते. मी कानाला जे बरं वाटेल ते सांगत गेले.

तुम्ही त्याच टेबलाशी बसला होतात. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंग्रजीच्या शिक्षिका, एवढीच ओळख मला करून दिली होती. काचेच्या उंच पेल्यात बिलोचुन चहाची पानं हळूहळू तळाशी जात होती आणि तुम्ही गप्प ऐकत होतात. मी त्या मुलीला एक वाक्य करून दिलं: 'ऑलदो' पाऊस होता, 'बट' ती आली. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. तुम्ही पेला उचललात, पुन्हा खाली ठेवलात, बोलला नाहीत.

निघताना जिन्यापाशी तुम्ही मला एकटीला थांबवलंत. कागदाच्या चिठ्ठीवर ते वाक्य लिहून 'बट'भोवती वर्तुळ काढलंत आणि विचारलंत, "तुमच्या भाषेत कसं म्हणतात?" मी म्हटलं, "जरी पाऊस होता, तरी ती आली." तुम्ही जरी आणि तरी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत आणि त्याखाली तुमचे शब्द लिहिलेत: स्वेइरान, दानश. चिनीतही जोडीच लागते. इंग्रजीला एकच पुरतो. ज्या चुकीसाठी शाळेत मी हातावर छडी खाल्ली होती, ती चूक कुठून येते हे मला त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं. मग तुम्ही म्हणालात की पुढच्या रविवारी हे तिला तुम्हीच सांगा, मी नाही सांगणार.

लाओशी, सगळ्यात आधी मला याचे आभार मानायचे आहेत. त्या मुलीसमोर माझा शब्द तुम्ही पडू दिला नाहीत.

पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं आणि तिनं आपली चुकांची वही उघडली. त्सुओतीबन. चीनमध्ये शाळकरी मुलांना ही वही नवी नसते, पण तुमची मांडणी वेगळी होती. पानावर तीन रकाने. पहिल्यात मी काय लिहिलं, तिसऱ्यात वाक्यातली कुठली खूण माझ्या नजरेतून निसटली. मधल्या रकान्यात, लिहिताना मला काय वाटलं होतं. बरोबर उत्तर कुठेच नाही! मी कारण विचारलं, तर म्हणालात की बरोबर उत्तर लिहिलं की मूल वही मिटतं. त्या दिवशी तुम्ही मलाही एक वही दिलीत. तिच्या वहीच्या त्या पानावर आणि माझ्या पहिल्या पानावर एकच चूक आहे.

मधल्या रकान्यानं किती काय दाखवलं! ती मुलगी आईबद्दल इंग्रजीत लिहिताना मध्येच 'शी'ऐवजी 'ही' लिहायची. तुम्ही तिला निष्काळजी म्हटलं नाहीत. मला समजावलंत की चिनीत तो आणि ती दोन्हींचा उच्चार 'ता'च. लिपीत फरक आहे, कानाला नाही. तिच्या कानानं हा भेद कधी ऐकलेलाच नाही. काळाचंही तसंच. चिनी क्रियापद 'काल' आलं तरी बदलत नाही, 'उद्या' आलं तरी नाही. मी तुम्हाला गेलो, गेली, गेले असं म्हणून दाखवलं तेव्हा, कोण गेलं यावरही क्रियापद बदलतं याचा तुम्हाला किती आनंद झाला होता! त्या दिवशी उताऱ्याचा सराव बाजूलाच राहिला.

आणि तो लांब वाक्यांचा रविवार. वाचनाच्या उताऱ्यात चार-चार ओळींची वाक्यं येतात आणि मुलगी दुसऱ्या ओळीतच हरवायची. तुम्ही तिला आधी खोड शोधायला लावलंत. चिनी शिक्षक वाक्याच्या मुख्य भागाला खोडच म्हणतात: कोण, काय करतो, कशाला. बाकीच्या सगळ्या फांद्या पेन्सिलीनं कंसात टाकायच्या. 'हू' आणि 'विच'च्या फांद्या तिला नेहमी छळत, कारण चिनीत विशेषण कितीही लांबलं तरी नामाच्या आधीच येतं, मध्ये 'द' हा चिनी शब्द घालून. मी म्हटलं, आमच्याकडे 'काल आलेला मुलगा' म्हणतात, मुलगा शेवटी. तुम्ही चटकन चिनी शब्द एकाखाली एक लिहिलेत. काल, येणे, द, मुलगा. क्रम तोच! आमच्या '-लेला'च्या जागी तुमचा 'द'. पण मराठीत 'जो मुलगा काल आला, तो' असंही म्हणता येतं, आणि तिथे मुलगा पुढे येऊन त्याची हकीकत मागून येते, इंग्रजीसारखी. या 'जो'वरून मी तिला 'हू' समजावलं. चिनी मुलीला इंग्रजी शिकवायला माझी मराठी कामी येईल, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

शब्दांच्या पाठांतराबद्दल थोडंच लिहिते. साडेतीन हजार शब्दांची ती यादी तिकडे सगळ्यांच्या दप्तरात असते. सुरुवातीलाच 'अबँडन', म्हणजे सोडून देणे, आणि बहुतेकांचं पाठांतर तिथेच सुटतं, अशी मुलांमध्ये थट्टा चालते. हिच्याही पुस्तकाची पहिली दहा पानं मळलेली, पुढची कोरी. तुम्ही तिला नवे शब्द थांबवून ओळखीच्या शब्दांकडे वळवलंत: 'फाइन' म्हणजे दंडही, 'बुक' म्हणजे जागा राखणंही, 'ॲड्रेस' म्हणजे एखाद्या प्रश्नाला हात घालणंही. परीक्षेत मुलं अनोळखी शब्दांपेक्षा या ओळखीच्यांनीच फसतात, हे तुमचं म्हणणं मी इथे रोज अनुभवते आहे.

लेखनातला 25 गुणांचा प्रश्न मला फार आवडायचा. अर्धवट गोष्ट देतात, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं देतात, आणि सुमारे दीडशे शब्दांत मुलानं ती पुरी करायची. तिनं डोळ्यांत पाणी तरळल्याची, काळीज धडधडल्याची सुंदर वाक्यं पाठ केली होती आणि ती प्रत्येक गोष्टीत बसवायची. तुम्ही एकदाच विचारलंत, "आणि तेव्हा त्याचे हात काय करत होते?" ती बराच वेळ विचार करत बसली. मग तिनं लिहिलं की त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. व्याकरणाच्या दोन चुका होत्या त्यात. तुम्ही त्या दिवशी त्या काढल्या नाहीत.

तुमच्याबद्दल तुम्ही फार कमी बोलायचात. दहा वर्षं बंद पडलेली विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा 1977 च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली आणि तिला बसलेल्या सुमारे 57 लाखांत तुम्ही होतात. जागा पावणेतीन लाखांच्या आसपास. रेडिओवरच्या इंग्रजी धड्यांवर तयारी केलीत, कारण घरात इंग्रजीचं पुस्तक नव्हतं, इतकंच सांगितलंत. त्यामुळेच की काय, एखादं मूल अडलं की तुम्ही कधी घाई केली नाहीत. पैशांचा विषय मुलीच्या आईनं काढला तेव्हा तुम्ही तिला चहा ओतून दिलात आणि तो विषय संपला. माझे शंकरपाळे मात्र घेतलेत.

8 जून 2024, शनिवार, दुपारी तीन ते पाच: तिचा इंग्रजीचा पेपर. त्या वर्षी देशभरातून 1 कोटी 34 लाख मुलांनी नावं नोंदवली होती, पण आपल्या तिघींना, तिची आई, तुम्ही आणि मी, एकच दिसत होती. मुलगी बाहेर आली आणि काही न बोलता तुमच्या दंडाला बिलगली. तिचे गुण मी इथे लिहीत नाही, ते तिचे आहेत. आता ती नानजिंगला शिकते आणि सुट्टीत अजून तुमच्याकडे येते, असं तिनं कळवलं आहे.

गेल्या वर्षापासून मी इथे एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना तीन रकाने आखायला लावले. मधला रकाना भरायला मुलं लाजतात. 'काय वाटलं होतं' याखाली पुष्कळजण 'माहीत नाही' लिहितात आणि मी ते तसंच राहू देते. गेल्या मंगळवारी एका मुलानं फळ्यावर 'ऑलदो' आणि 'बट' एकाच वाक्यात लिहिलं. मी त्याला शाळा सुटल्यावर जिन्यापाशी भेटायला सांगितलं.

तुमची वही माझ्याकडे आहे. तिची चार पानं उरली आहेत. ती भरली की सगळ्या पानांचे फोटो पाठवीन. लाल पेन तयार ठेवा.

तुमची कृतज्ञ,
चौथ्या मजल्यावरची शेजारीण