बापूकाकांस, जत्रेतल्या एका रात्रीबद्दल

ती. बापूकाका, सा. न.

बदली होऊन कुडाळला आले, तेव्हा तुमच्या माडीवर सामान थोडं आणि मतं फार घेऊन आले होते. कॉलेजात एकांकिका केलेल्या, त्यामुळे नाटक म्हणजे काय हे आपल्याला कळतं असा समज. मार्गशीर्षात तुम्ही विचारलंत, 'जत्रेक दशावतार आसा, येतंस काय गो चेडवा?' मी मनात नाक मुरडलं. भडक रंग, साडी नेसलेले पुरुष, ना संहिता ना तालीम! तुम्ही वाद घातला नाहीत. 'नाय आवडला तर सांग, स्कूटर काढतंय,' एवढंच म्हणालात.

पालखी फिरून नाटक उभं राहायला एक वाजला. काळ्या वेषातला संकासुर आला, वेद चोरले, मालवणीत लोकांची टर उडवली आणि विष्णूच्या हातून मेला. हा आड दशावतार, मुख्य आख्यानाआधीचा भाग, हल्ली आवरता घेतात, असं तुम्ही कानाशी सांगत होता. खरं सांगते, मी कंटाळले होते. निघूया म्हणून वळले तर तुम्ही खांबाला टेकून गाढ झोपलेले! उठवणं जिवावर आलं. पाय मोकळे करायला रंगपटाकडे गेले.

तिथे तारामती आपल्या पेटाऱ्यावर बसली होती. नऊवारी, दंडात वाकी. हातातल्या आरशात बघून काजळ नीट करत होती, आणि खांद्याशी मोबाइल दाबून बोलत होती, 'मळणीक मशीन येतला मा? मी आठाक पोचतंय.'

तासाभराने तीच तारामती मंचावर रोहिदासाचं प्रेत मांडीवर घेऊन बसली. मंचावर एकच बाकडं. मघाशी तेच सिंहासन होतं. इतक्यात प्रेक्षकांतलं एक तान्हं पोर रडायला लागलं. आमच्याकडे असं झालं असतं तर आयाबायांकडे डोळे वटारले गेले असते. तारामती थांबली. कान दिला. म्हणाली, 'ऐकलंस रोहिदासा? कुणाचं तरी बाळ रडतंय. तू का रे रडत नाहीस?' पेटीवाल्याने सूर तसाच धरून ठेवला. माझ्या शेजारच्या म्हातारीने पदर तोंडात कोंबला. माझंही काही वेगळं नव्हतं.

पहाटे चहाच्या टपरीवर तुम्ही सगळं उलगडून सांगितलंत. आख्यान ठरतं तेवढंच, बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. म्हणून पुराणं तोंडपाठ हवीत आणि समोरच्याचं वाक्य झेलता यायला हवं. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हणही तेव्हाच ऐकली.

त्या हंगामात तुमच्या स्कूटरवर मागे बसून मी अकरा नाटकं पाहिली. (ट्रिकसीनवाली, मंचावर यांत्रिक चमत्कार दाखवणारी, अजून पचत नाहीत, माफ करा.) आता नाशिकला आले. कार्तिक लागला की रजेचा अर्ज टाकते. माडी रिकामी असेल ना?

काकींना नमस्कार. त्या परवा फोनवर म्हणाल्या, तुम्हाला जत्रेत आयुष्यात कधी झोप लागलेली नाही.

तुमची,
माडीवरची चेडू