तुमची संमती फसवून घेतली गेली

तीर्थरूप आई-बाबांस,

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, तुम्ही विकत घेतलेल्या घराचा विषय निघाला की तुम्ही "सही करण्याआधी आपणच नीट बघायला हवे होते" असे म्हणता, आणि आई गप्प राहते. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. रोज अशीच प्रकरणे हाताळणारी वकील म्हणून माझे मत असे आहे की या व्यवहारात दोष तुमच्याकडे येत नाही, आणि हे मत मी कायद्याच्या आधारावर देते आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १७ मध्ये फसवणूक कशाला म्हणायचे ते सांगितले आहे. करार घडवून आणण्यासाठी, स्वतःचा ज्यावर विश्वास नाही अशी खोटी गोष्ट खरी म्हणून सांगणे ही फसवणूक. ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे हीसुद्धा फसवणूकच. आपल्या बाबतीत दोन्ही घडले. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते का, असे आईने विक्रेत्याला लेखी विचारले होते, आणि या घरात कधीही गळती झालेली नाही, असे त्यांचे लेखी उत्तर आले. घर दाखवले त्या दिवशी भिंतीला ताजा रंग होता आणि तिच्यापुढे भिंतभर कपाट उभे केलेले होते. पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही ते हलवलेत तेव्हा मागचा गिलावा हाताला लागताच सुटून आला. घर हवेशीर आहे, लाभदायी आहे, असली स्तुती त्यांनी केली असेल तर ती मी सोडून देईन, कारण विकणारा तेवढे बोलतोच. पण गळती झाली की नाही हा मताचा प्रश्न नसून वस्तुस्थितीचा आहे.

आता तुमच्या मनातल्या प्रश्नाकडे येते. साध्या दक्षतेने सत्य कळू शकले असते तर करार मोडता येत नाही, असा अपवाद कलम १९ मध्ये आहे, आणि समोरचा वकील तो नक्की पुढे करील. परंतु हा अपवाद अनवधानाने झालेल्या चुकीच्या कथनाला आणि फसव्या मौनाला लागू आहे. जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याला किंवा भिंत झाकून ठेवणाऱ्याला त्याचा आसरा मिळत नाही. १८८१ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड या खटल्यात हाच विचार मांडला होता. एका वकिलाने आपल्या व्यवसायाचे उत्पन्न वर्षाला सुमारे ३०० पौंड असल्याचे भासवून घर आणि व्यवसायातला वाटा विकायला काढला होता. घेणाऱ्याला कागद दाखवले गेले, पण त्याने ते तपासले नाहीत. तरीही न्यायालयाने त्याच्या बाजूने करार रद्द केला, कारण खोटे सांगून विश्वास संपादन करणाऱ्याला "तू माझ्यावर विश्वास ठेवायलाच नको होता" असे म्हणता येत नाही. बाबा, हे तुम्ही शांतपणे पुन्हा वाचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्याच खटल्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या खरेदीदाराला फसवणुकीची नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही, कारण समोरच्याला आपले म्हणणे खोटे असल्याचे ठाऊक होते, हे त्याने आपल्या कैफियतीत मांडलेच नव्हते. आपल्याकडेही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे फसवणुकीचा तपशील तारखांसह लिहावा लागतो. नुसते "आम्हाला फसवले" असे म्हणून भागत नाही. खरी कसोटी समोरच्याला काय ठाऊक होते हे सिद्ध करण्याचीच असते. १८८९ च्या डेरी विरुद्ध पीक या खटल्यात ट्राम कंपनीच्या संचालकांचे विधान चुकीचे निघाले, पण ते त्यांना प्रामाणिकपणे खरे वाटत होते, म्हणून ते फसवणुकीच्या आरोपातून सुटले. आपल्या विक्रेत्याला असे म्हणण्याची सोय नाही. गृहनिर्माण संस्थेच्या फाइलमध्ये त्याच भिंतीच्या गळतीबद्दल विक्रीपूर्वी त्यांनी स्वतःच्या सहीने दिलेला तक्रार अर्ज आहे. माझ्या मते आपला सारा दावा या एका कागदावर उभा आहे, त्यामुळे त्याची प्रमाणित प्रत संस्थेकडून आधी मिळवा.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. करार रद्द करून घर परत द्यायचे, पैसे परत घ्यायचे आणि भरपाई मागायची. किंवा घर ठेवून फक्त नुकसान वसूल करायचे. नोंदणीकृत खरेदीखत नोटिशीने रद्द होत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागेल, आणि निकालाला वेळ लागेल, हे मी लपवणार नाही. आईने पोलिसांत तक्रार करण्याविषयी विचारले होते. तो मार्ग खुला आहे, परंतु आपल्याला पैसे हवे आहेत आणि त्यासाठी दिवाणी दावाच मुख्य ठेवावा, असे मला वाटते. कोणता मार्ग घ्यायचा ते तुम्ही दोघांनी ठरवा. त्या घरात राहण्याची इच्छाच उरली नसेल तर तसे स्पष्ट सांगा, माझ्या खर्चाची किंवा धावपळीची काळजी करू नका.

करार रद्द करून मागण्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची आहे, पण तेवढे थांबायचे नाही. सगळे कळूनही आपण व्यवहार मान्य केल्यासारखे वागलो, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २७ खाली न्यायालय करार रद्द करण्यास नकार देऊ शकते. म्हणून विक्रेत्याशी तोंडी तडजोडीचे बोलू नका आणि भिंतीची दुरुस्तीही इतक्यात नको. आधी अभियंत्याकडून पाहणी करून लेखी अहवाल घेऊ. आईच्या फोनमधला तो प्रश्न आणि त्याचे उत्तर पुसले जाणार नाही याची काळजी घ्या, फोनही बदलू नका.

नोटिशीचा मसुदा सोबत जोडला आहे. उत्तर आले त्या तारखेची जागा मी रिकामी सोडली आहे. आईने मूळ संदेश पाहून ती भरावी, आणि बाबांनी मसुदा वाचून काही राहिले असल्यास समासात लिहावे. येत्या रविवारी मी तिकडे येते, तेव्हा दोघांच्या सह्या घेऊन पुढच्याच दिवशी नोटीस पोचपावतीसह टपालाने रवाना करू.

कळावे,

तुमची लेक