म्हातारपणाची तरतूद म्हणून मूल जन्माला घालावं लागू नये

मा. सामाजिक न्याय व विशेष साहाय्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

‘म्हातारपणमा कोन देखी?’ दोन मुलींवर तिसरं मूल कशाला, असं विचारलं की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलकडे हाच प्रश्न उलटा येतो. वंशाचा दिवा वगैरे त्यानंतर. विचारणारी बाई जन्मभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत आलेली. फंड नाही, नावावर जमीन नाही. मला तिच्यावर राग धरता येत नाही.

पण ज्या जिवावर हा भार टाकायचा, तो अजून जन्मलेलाही नसतो. त्याची संमती कुणी घेऊ शकत नाही. म्हणून आपणच आधी स्वतःला विचारायला हवं: आपल्याला मूल हवंय की सांभाळणारा? मूल हवं असेल तर मुलगी काय, मुलगा काय. सांभाळणारा हवा असला की मुलगी नकोशी होते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली उरल्या होत्या. मुलगेही सुटत नाहीत. सुरतेला कामाला गेलेला पोरगा अंगात ताप असला तरी घरी कळवत नाही. आईबापांचा आधार म्हणूनच तो वाढलेला असतो.

सोनोग्राफी केंद्रांवर धाडी हव्यातच. मुलींसाठीच्या ‘लेक लाडकी’ योजनेचे १ लाख १ हजारही हवेत, पण ते मुलीच्या अठराव्या वर्षी संपतात आणि आईबापांचं म्हातारपण त्यानंतर सुरू होतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. त्याने मुलगा हवा ही ओढ कमी झाली नाही, दोनातच तो बसवायची घाई मात्र वाढली.

म्हातारपणाची भीती कमी करणं आपल्या खात्याच्या हातात आहे. श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, तेही ६५ वर्षं भरल्यावर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर. म्हणजे अख्ख्या घराची कमाई दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाही! रोज मजुरीला जाणारं कोणतं घर या अटीत खरेपणाने बसेल?

ही उत्पन्नाची मर्यादा वाढवा. वय ६० करा. रक्कम महागाईबरोबर वाढत राहील अशी सोय करा. आणि २००७ च्या कायद्याने आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलीवरही आहे, हे प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा.

आपली,
चोपडा तालुक्यातील एक शिक्षिका